युद्धकाळातील रक्तदान आणि विद्यापीठाची प्रयोगशाळा

सीमेवर तणाव वाढला की आपल्याकडे रक्तदान शिबिरांची लाट येते. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक रातोरात फलक रंगवतात, मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन होते, मुलेमुली रांगेत उभी राहतात आणि संध्याकाळी किती पिशव्या जमल्या याचे आकडे वर्तमानपत्रांकडे जातात. या तरुणांच्या भावनेबद्दल मला मनापासून आदर आहे आणि तिला कोणी नावे ठेवावीत असे मला मुळीच वाटत नाही. माझा प्रश्न विद्यापीठाला आहे. रक्तदानातला आपला वाटा म्हणजे दात्यांची रांग उभी करून देणे, एवढ्यावर विद्यापीठाने समाधान मानावे का? रांग उभी करण्याचे काम गणेश मंडळे करतात, कारखान्यांतील कामगार संघटना करतात, गृहनिर्माण संस्था करतात, आणि उत्तम करतात. जे काम विद्यापीठाखेरीज दुसऱ्या कोणाला सहसा जमत नाही ते मंडपात होत नाही. ते प्रयोगशाळेत होते आणि युद्धाच्या वेळी उपयोगी पडायचे असेल तर युद्धाच्या कितीतरी वर्षे आधी सुरू झालेले असावे लागते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनच्या एका छोट्या प्रयोगशाळेचा इतिहास हे जितके स्पष्ट सांगतो तितके क्वचितच दुसरे काही सांगत असेल, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट आपल्या परळपर्यंत येऊन पोचतो.

दात्याच्या दंडातून पिशवीत उतरलेले रक्त तेवढ्यानेच कोणाला चढवण्याजोगे होत नाही, ही प्राथमिक गोष्ट शिबिराच्या गडबडीत विसरली जाते. कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर व्हिएन्ना विद्यापीठात रक्तगटांचा शोध लावला. 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये राउस आणि टर्नर यांनी सायट्रेट व साखरेच्या द्रावणात तांबड्या पेशी साठवून ठेवता येतात हे दाखवले आणि पुढच्याच वर्षी ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी पश्चिम आघाडीवर जखमी सैनिकांसाठी असे साठवलेले रक्त वापरले. म्हणजे दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा रक्त न गोठू देता टिकवण्याची युक्ती ठाऊक होती, गटांचे तत्त्वही ठाऊक होते. अडचण प्रमाणाची होती. पूर्वी एका रुग्णासाठी एक ओळखीचा दाता शोधला जाई. आता बॉम्बहल्ल्यांच्या शक्यतेने लाखोंच्या संख्येने अनोळखी दाते आधीच तपासून ठेवायचे होते. 1939 मध्ये मेडिकल रिसर्च कौन्सिल या ब्रिटनच्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने लंडनभोवती ल्यूटन, स्लाऊ, सटन आणि मेडस्टन अशा चार ठिकाणी रक्तसाठ्याची केंद्रे उभारली. त्या आखणीमागे डॉ. जॅनेट व्हॉन यांचा पुढाकार होता आणि स्लाऊचे केंद्र त्यांनीच चालवले. लष्कराने ब्रिस्टलजवळ साउथमीड येथे डॉ. लायनल व्हिट्बी यांच्या हाताखाली आपले वेगळे केंद्र काढले.

या साऱ्या केंद्रांना एक पदार्थ अटळपणे लागत होता, तो म्हणजे गट ओळखण्याचे सीरम, म्हणजे रक्तातून पेशी वेगळ्या केल्यावर उरणारे रक्तजल. आज रक्तपेढीतल्या फ्रिजमध्ये निळ्या आणि पिवळ्या द्रवाच्या छोट्या बाटल्या असतात, त्या कारखान्यात तयार होतात. त्या काळी हे सीरम माणसाच्या रक्तातूनच काढावे लागे. ए गटाच्या माणसाच्या रक्तजलात बी पेशींविरुद्धचे प्रतिपिंड, म्हणजे परक्या पेशींना चिकटणारे संरक्षक प्रथिन, असते आणि बी गटाच्या माणसाच्या रक्तजलात ए पेशींविरुद्धचे. परंतु प्रत्येकाच्या अंगात ते सारख्याच जोराचे नसते, आणि कमकुवत सीरमने तपासणी केली तर उत्तर चुकते. ए गटाचा ए-2 नावाचा एक उपप्रकार असतो, त्याच्या पेशी मुळातच मंद प्रतिक्रिया देतात. एखादा दाता ए-2-बी असेल आणि सीरम दुबळे असेल, तर त्याची नोंद सरळ बी म्हणून होते. मग ते रक्त बी गटाच्या जखमीला दिले जाते आणि त्याच्या अंगातील प्रतिपिंड त्या रक्तावर तुटून पडते. युद्धाच्या घाईत तर आणखी एक जोखीम होती. गट तपासायला वेळ नसतो म्हणून आणीबाणीत सरसकट ओ गटाचे रक्त चढवण्याची पद्धत पडली होती. त्यामुळे कोणत्याही दात्याच्या कार्डावर चुकून लिहिलेले ओ हे अक्षर रणांगणावरच्या कोणाचाही प्राण घेऊ शकत होते. दात्याचा हेतू कितीही उदात्त असो, त्याच्या दानाचे भवितव्य सीरमच्या त्या थेंबावर अवलंबून होते.

हे सीरम पुरवले कोणी? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील गाल्टन प्रयोगशाळेने. तिथे 1935 मध्ये, आनुवंशिकी आणि सांख्यिकी या दोन्ही क्षेत्रांत नाव असलेले प्राध्यापक रोनाल्ड फिशर यांच्या देखरेखीखाली आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून एक लहानसा सीरम विभाग सुरू झाला. डॉ. जॉर्ज टेलर त्याचे प्रमुख होते, पुढे 1937 मध्ये डॉ. रॉबर्ट रेस त्यांना येऊन मिळाले. या विभागाचा मूळ हेतू रक्त चढवणे हा मुळी नव्हताच. रक्तगट आईवडिलांकडून मुलांकडे ठरावीक नियमांनी येतात, म्हणून मानवी आनुवंशिकीचा अभ्यास करायला त्यांच्याइतके स्वच्छ चिन्ह नाही, एवढ्या कारणासाठी हे लोक घराण्या-घराण्यांचे रक्त तपासत होते. 1935 मध्ये एखाद्या हिशेबनीस वृत्तीच्या समितीने विचारले असते की याचा समाजाला तातडीचा उपयोग काय, तर प्रामाणिक उत्तर देणे कठीण गेले असते. परंतु चार वर्षे हेच काम करत राहिल्यामुळे जोरदार सीरम कोणाच्या रक्तात सापडते, ते कसे पारखायचे, कसे टिकवायचे, ए-2 च्या फसवणुकीपासून कसे सावध राहायचे, याचे ज्ञान त्या देशात या चार-सहा माणसांच्या बोटांत सर्वांत पक्के बसले होते. 1939 च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच कॉलेज लंडनबाहेर हलवावे लागले, तेव्हा फिशर रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात गेले आणि सीरम विभाग केंब्रिज विद्यापीठाच्या विकृतिशास्त्र विभागात नेण्यात आला. तिथून तो मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या आधाराने रक्तसंकलन केंद्रांना गट ओळखण्याचे सीरम पुरवू लागला.

माझा सारा युक्तिवाद या एका घटनेवर उभा करण्याची मला भीती वाटत नाही, कारण पुढची पाच वर्षे ती घटना अधिकच पक्की करतात. केवळ सीरम पाठवणारे गोदाम एवढेच त्या विभागाचे रूप राहिले असते, तर ते काम एखाद्या औषध कंपनीकडेही सोपवता आले असते. प्रत्यक्षात झाले असे की, गट जुळूनही रुग्णाला त्रास झाला, ज्याचा खुलासा होत नाही अशी प्रतिक्रिया आली, की देशभरातून ते नमुने केंब्रिजकडे येऊ लागले. त्याच सुमारास, 1939 आणि 1940 मध्ये, अमेरिकेत लेव्हिन व स्टेट्सन आणि लँडस्टायनर व वीनर यांच्या कामातून आर-एच घटकाचा शोध लागला होता. आर-एच निगेटिव्ह आईच्या पोटी पॉझिटिव्ह बाळ वाढले की आईच्या रक्तात प्रतिपिंड तयार होते आणि पुढच्या बाळाला कावीळ होऊन ते दगावू शकते. तसेच एकाच रुग्णाला पुन्हा पुन्हा रक्त चढवले तरी असा धोका उद्भवतो. अशा मातांचे सीरम केंब्रिजला जमा होत गेले. रेस यांनी ते वेगवेगळ्या पेशींवर तपासून तक्ते केले, परंतु तक्त्यांतून अर्थ लागेना. 1943 च्या अखेरीस फिशर यांनी त्या तक्त्यांकडे पाहून असे सुचवले की ही एकमेकांना अगदी लागून असलेल्या तीन जनुकांची करामत असावी, आणि तसे असेल तर तोवर कोणी न पाहिलेली दोन प्रतिपिंडे सापडायला हवीत. त्यांपैकी एक 1945 मध्ये आर्थर मूरंट यांना सापडले. दुसरे कधीच सापडले नाही, आणि जनुके तीन नसून दोन आहेत हे पुढे 1990 च्या दशकात रेणवीय अभ्यासाने सिद्ध झाले. तरीही त्या अंदाजातली सी, डी आणि ई ही अक्षरे जगभरच्या रक्तपेढ्या आजही वापरतात. लढाई चालू असताना, बॉम्ब पडत असताना, कोणी तरी शांतपणे तक्त्यापुढे बसून विचार करत होते आणि त्या विचाराची गरज जखमींनाच सर्वांत अधिक होती.

त्याच विभागाच्या शेजारी, केंब्रिजच्याच विकृतिशास्त्र विभागात, रॉबिन कूम्ब्स नावाचे एक तरुण संशोधक होते. काही प्रतिपिंडे तांबड्या पेशींना चिकटतात खरी, पण पेशींच्या गुठळ्या करत नाहीत, म्हणून नेहमीच्या तपासणीत ती दिसतच नाहीत, हा प्रश्न रेस यांना छळत होता. कूम्ब्स यांनी यावर असा उपाय काढला की माणसाच्या रक्तातील ग्लोब्युलिन (प्रतिपिंडे याच प्रकारच्या प्रथिनांत मोडतात) सशाला टोचून त्याविरुद्धचे सीरम तयार करायचे आणि ते त्या पेशींवर घालायचे. पेशींवर प्रतिपिंड चिकटलेले असेल तर सशाचे सीरम शेजारशेजारच्या पेशींना एकमेकींशी बांधते आणि गुठळी डोळ्यांना दिसते. कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांचा याविषयीचा लेख 1945 मध्ये प्रसिद्ध झाला. याच तत्त्वाची कल्पना मोरेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने 1908 मध्येच मांडली होती असे नंतर लक्षात आले, परंतु ती विस्मृतीत गेली होती. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही रक्तपेढीत क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का याची तपासणी, करताना, किंवा आर-एच निगेटिव्ह गर्भवतीची तपासणी करताना, तंत्रज्ञ सहज म्हणतात, कूम्ब्स केली का? त्या रोजच्या शब्दामागे युद्धकाळातील एका विद्यापीठाचा विभाग आहे.

ही माणसे कोण होती, याकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण माझ्या मते इथेच विद्यापीठाचे वेगळेपण आहे. टेलर आणि रेस डॉक्टर होते. फिशर गणिताचे, आणि त्यांची उमेदीची वर्षे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गहू-बटाट्याच्या प्रयोगांचे आकडे तपासण्यात गेलेली. मूरंट मुळात भूगर्भशास्त्राचे, वैद्यकाकडे नंतर वळलेले. कूम्ब्स पशुवैद्य. एखाद्या रुग्णालयाच्या रक्तपेढीने नोकरभरतीची जाहिरात काढली असती, तर यांतल्या निम्म्यांचे अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाले असते. विद्यापीठाच्या आवारात मात्र ही माणसे एकमेकांच्या दारावर टकटक करू शकली. रक्तदानाचा प्रश्न वैद्यकाचा आहे म्हणून तो वैद्यकीय महाविद्यालयाच्या कुंपणात ठेवायचा आणि सांख्यिकी, जीवरसायन, पशुवैद्यक यांचे विभाग दुसऱ्या कुंपणांत, दुसऱ्या विद्यापीठांत ठेवायचे, ही जी आपली व्यवस्था झाली आहे तिच्यात असे घडणे फार अवघड आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, मूलभूत विज्ञान पारंपरिक विद्यापीठांकडे, पशुवैद्यक नागपूरच्या वेगळ्या विद्यापीठाकडे. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी विचारांच्याही आड आलेली आहे, असे मला वाटते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. आक्षेप असा, की युद्धात उपयोगी पडले ते कुतूहलातून झालेले संशोधन नव्हे, सरकारने पैसा ओतून, ध्येय ठरवून, कारखान्यांशी करार करून जे संशोधन करवले ते उपयोगी पडले. याचे उदाहरण म्हणून हार्वर्डच्या एडविन कोन यांच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवले जाते. 1940 पासून कोन यांनी थंड अल्कोहोलच्या साहाय्याने प्लाझ्मामधील, म्हणजे रक्तातील पेशीविरहित द्रवातील, प्रथिने एकेक करून वेगळी काढण्याची रीत बसवली. त्यातून मिळालेले अल्ब्युमिन हे प्रथिन 1941 च्या डिसेंबरात पर्ल हार्बरच्या भाजलेल्या खलाशांना देण्यात आले, आणि लवकरच अमेरिकेत औषध कंपन्या रेड क्रॉसने गोळा केलेल्या रक्तातून अल्ब्युमिन तयार करू लागल्या. पैसा, शिस्त, आदेश, सगळे त्यात होते. पण कोन यांनी हार्वर्डमध्ये प्रथिनांच्या भौतिक रसायनाचा अभ्यास 1920 च्या दशकापासून चालवला होता. कोणते प्रथिन कोणत्या आम्लतेला, किती क्षारात, कोणत्या तापमानाला विरघळते, हा त्यांचा वीस वर्षांचा विषय होता. सरकारचा पैसा आला तो या वीस वर्षांवर. ती वर्षे नसती तर त्या पैशातून इमारती उभ्या राहिल्या असत्या, अल्ब्युमिन तयार झाले नसते. म्हणून हार्वर्डचे उदाहरण मला केंब्रिजच्या विरुद्ध वाटत नाही. तेही शांततेतल्या कामाचेच फळ आहे, फक्त तिथे कारखाने मोठे होते.

तथापि, विद्यापीठाची प्रयोगशाळा म्हटली की ती आपोआप सत्शील होते, असा माझा दावा नाही, आणि या विषयावर लिहिणाऱ्याने हे झाकून ठेवू नये. गाल्टन प्रयोगशाळा फ्रान्सिस गाल्टन यांच्या देणगीतून सुप्रजननाच्या अभ्यासासाठी उभी राहिली होती. चांगल्या वंशाची माणसे वाढावीत आणि वाईट समजल्या गेलेल्यांची घटावीत, या विचाराची ती वास्तू होती आणि फिशर त्या विचाराचे आयुष्यभर समर्थक राहिले. युनेस्कोने वंशभेदाविरुद्ध जे निवेदन काढले त्यालाही त्यांनी 1950 च्या दशकाच्या आरंभी असहमती नोंदवली. युद्धाच्या धामधुमीत जमलेल्या दात्यांच्या कार्डांवरून फिशर आणि टेलर यांनी ब्रिटनच्या कोणत्या भागात कोणता गट अधिक आहे याचेही अभ्यास केले. दात्यांनी रक्त दिले होते जखमींसाठी. त्यांच्या गटांवरून लोकसंख्येच्या पूर्वेतिहासाची चर्चा होईल असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. या वापराने कोणाचे नुकसान झाले असे मला वाटत नाही आणि त्यातून ज्ञानही मिळाले. पण न सांगता केलेला वापर हा पुढच्या काळासाठी वाईट पायंडा असतो, आणि जिथे नोंदीत जातीचा रकाना भरण्याची सवय आहे अशा आपल्या समाजाने तर याबाबत अधिकच सावध असायला हवे.

अमेरिकेत तर याहून क्लेशकारक गोष्ट घडली. कोलंबिया विद्यापीठात साठवलेल्या रक्तावर प्रबंध लिहून 1940 मध्ये डॉक्टरेट मिळवलेल्या चार्ल्स ड्र्यू या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकाने त्याच वर्षी ब्रिटनला प्लाझ्मा पाठवण्याच्या मोहिमेची वैद्यकीय घडी बसवली. आणि त्याच देशात, लष्कराच्या आग्रहावरून, रेड क्रॉसने 1941 मध्ये कृष्णवर्णीय दात्यांना आधी नाकारले आणि 1942 पासून त्यांचे रक्त घेऊन ते वेगळ्या चिठ्ठीखाली वेगळे साठवले. याला शास्त्राचा कसलाही आधार नाही हे प्रयोगशाळांना ठाऊक होते आणि ते जाहीरपणे बोललेही गेले, तरी ही पद्धत 1950 पर्यंत चालू राहिली. रक्ताला वर्ण नसतो हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असूनही गोदामात वर्णाच्या चिठ्ठ्या लागत होत्या. शिवाशिवीचा इतिहास असलेल्या आपल्या वाचकाला यातले दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. हार्वर्डच्याही खात्यावर एक डाग आहे: गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन माणसाला चालेल का हे पाहण्यासाठी 1942 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका तुरुंगातील कैद्यांवर चाचणी घेण्यात आली आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. कैदी स्वेच्छेने पुढे आले होते असे म्हटले जाई. परंतु तुरुंगातल्या माणसाच्या स्वेच्छेला किती अर्थ असतो हा प्रश्न उरतोच. या घटनांवरून प्रयोगशाळा नकोत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. माझा निष्कर्ष असा आहे की प्रयोगशाळेला जे ठाऊक आहे ते समाजाच्या पूर्वग्रहाविरुद्ध मोठ्याने सांगणे हाही तिच्या कामाचा भाग आहे, आणि तसे सांगण्याचे स्वातंत्र्य कारखान्यातील किंवा लष्करातील प्रयोगशाळेपेक्षा विद्यापीठातील प्रयोगशाळेला अधिक असते, निदान असायला हवे.

आता परळचा धागा. युद्ध संपल्यावर, 1945 मध्ये टेलर यांच्या निधनानंतर, केंब्रिजचा तो सीरम विभाग लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि त्यातून 1946 मध्ये दोन संस्था निर्माण झाल्या: एक रेस यांच्याकडची रक्तगटांच्या संशोधनाची आणि दुसरी मूरंट यांच्याकडची, रक्तपेढ्यांना कठीण नमुन्यांत मदत करणारी संदर्भ प्रयोगशाळा. ऑस्ट्रेलियातून आलेल्या रूथ सँगर रेस यांच्या सहकारी झाल्या आणि पुढे पत्नीही. इकडे मुंबईत सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय येथे डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा व्यक्ती आढळल्या, ज्यांचे रक्त तपासणीत ओ असल्यासारखे दिसत होते, पण ज्यांच्या रक्तजलाने ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. ओ गटाचे रक्त कोणालाही चालते हे पाठ झालेल्या जगात, ओ देखील न चालणारी माणसे मुंबईत निघाली. नमुने लंडनला गेले. 1952 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जो लेख प्रसिद्ध झाला त्यावर भेंडे, देशपांडे आणि भाटिया या मुंबईच्या नावांबरोबर सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स ही नावे आहेत. तोच तो बॉम्बे रक्तगट. या माणसांच्या पेशींवर ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच हा पायाच नसतो, म्हणून त्यांना केवळ परस्परांचेच रक्त चालते. मुंबईच्या परिसरात साधारण दहा हजारांत एक असे त्यांचे प्रमाण सांगितले जाते.

हा शोध मुंबईत लागला याचा आपण अभिमान बाळगतो, पण तो का लागला याकडे पुरेसे लक्ष देत नाही. असे रुग्ण त्यापूर्वीही या देशातल्या रुग्णालयांत आलेच असतील. त्यांना ओ समजून रक्त दिले गेले असेल आणि काही दगावलेही असतील. फरक इतकाच की 1950 च्या सुमारास परळच्या एका विद्यापीठीय प्रयोगशाळेत, क्रॉसमॅच जुळत नाही तर दुसरी पिशवी पाहू, असे म्हणून विषय न सोडणारी माणसे होती, त्यांच्याकडे चांगले सीरम होते आणि लंडनमध्ये ज्यांना विचारावे असे लोक होते. त्या कामाच्या पायावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1957 मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. तेच आज केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथल्याच संशोधकांना 1973 मध्ये भारतीयांतील काही टक्के लोकांत असलेला आणि युरोपीय लोकांत जवळजवळ न आढळणारा एक नवा प्रतिजन, म्हणजे तांबड्या पेशीवरचे गट ठरवणारे चिन्ह, सापडला. त्या गटाला जगाने इंडियन असेच नाव दिले. परदेशी कंपनीकडून येणाऱ्या तपासणी-पेशी त्यांच्या देशातल्या दात्यांच्या असतात. त्या पेशींवर जे प्रतिजन नाहीत त्यांच्या विरुद्धची प्रतिपिंडे त्या दाखवणार कशा? आपल्या माणसांच्या रक्ताचा अभ्यास आपणच केला पाहिजे, याचे याहून ठोस कारण मला देता येणार नाही.

आजची स्थिती पाहू. महाराष्ट्र रक्तसंकलनात देशात आघाडीवर आहे आणि 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर बंदी आहे; या दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण दर उन्हाळ्यात टंचाई होते आणि एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला एकाच दिवशी इतके रक्त जमते की ते वेळेत वापरणे कठीण होते, कारण तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट जेमतेम पाच. बहुतेक रक्तकेंद्रांत दात्याची तपासणी ए-बी-ओ आणि आर-एच-डी यांच्यापलीकडे जात नाही. थॅलेसेमिया असलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते. नंदुरबार आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे अनेक रुग्ण आहेत. वारंवार रक्त मिळणाऱ्या या रुग्णांच्या अंगात सी, ई, केल यांसारख्या घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत जातात आणि एक दिवस असा येतो की जुळणारी पिशवीच सापडत नाही. 1940 मध्ये हा प्रश्न पुन्हा पुन्हा रक्त घ्यावे लागणाऱ्या जखमींचा होता, आज तो आपल्या घरांतल्या लेकरांचा आहे. उद्या दुर्दैवाने मोठे युद्ध झालेच तर तो एकाच वेळी दोघांचाही होईल, आणि त्या दिवशी दात्यांची रांग कितीही लांब असली तरी तेव्हा दात्यांचे सविस्तर गट तपासायला बसणे शक्य होणार नाही.

यासाठी काय करावे, हे सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील. पहिली गोष्ट म्हणजे शिबिरातून विद्यार्थ्यांचे रक्त घेऊन जाणाऱ्या रक्तकेंद्राशी विद्यापीठाने असा करार करावा की, दात्याच्या लेखी संमतीने, त्याच्या नमुन्याचा एक छोटा भाग सविस्तर गट-तपासणीसाठी विद्यापीठाच्याच जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान विभागात यावा. विद्यार्थ्यांना रक्त देण्याबरोबर ते समजून घेण्याचेही शिक्षण मिळेल आणि सविस्तर गट माहीत असलेल्या, पुन्हा बोलावता येणाऱ्या तरुण दात्यांची यादी हळूहळू तयार होईल. या यादीत जात-धर्माचा रकाना नसावा, आणि नमुन्याचा वापर कशासाठी होणार हे दात्याला मराठीत, त्याला कळेल असे लिहून द्यावे. मुंबईची राष्ट्रीय संस्था हे काम शिकवायला समर्थ आहे; तिच्याकडून प्रशिक्षित झालेले किमान एक केंद्र विदर्भात आणि एक खानदेशात असावे, कारण सिकलसेलचे रुग्ण तिकडे आहेत आणि त्यांचे नमुने मुंबईपर्यंत पोचता पोचता दिवस जातात.

दुसरी गोष्ट पैशाची आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. अशा विभागाला यंत्रे विकत घेऊन देणारे देणगीदार मिळतात; उद्घाटनाला मंत्रीही येतात. मिळत नाही ते दहा-पंधरा वर्षे तिथेच बसून काम करणाऱ्या तंत्रज्ञाचे आणि संशोधकाचे कायम पद. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आलेली मुलगी एखादे विचित्र सीरम हाताळायला शिकते तोच तिचा करार संपतो आणि ते कसब तिच्याबरोबर निघून जाते. टेलर आणि रेस यांना युद्धापूर्वी जी काही वर्षे अखंड मिळाली ती कोणत्याही यंत्राने भरून निघाली नसती. राज्य शासनाने आणि विद्यापीठांनी मिळून प्रत्येक केंद्रासाठी निदान दोन संशोधक आणि तीन तंत्रज्ञ यांची कायम पदे मंजूर करावीत, त्यांचे मूल्यमापन छापलेल्या लेखांच्या संख्येवर न करता सोडवलेल्या कठीण नमुन्यांवर आणि उभारलेल्या दाता-यादीवर करावे, आणि त्यांना सांख्यिकी व पशुवैद्यक विभागांतील लोकांना बरोबर घेण्याची मोकळीक द्यावी. राज्याच्या आरोग्यावरील खर्चात पाच-दहा माणसांचा पगार ही फार मोठी रक्कम नाही, आणि येत्या अर्थसंकल्पापूर्वी विद्यापीठांच्या व्यवस्थापन परिषदांनी ही मागणी लेखी स्वरूपात शासनाकडे पाठवायला कोणतीही अडचण नाही.